खेळ मांडणाऱ्यांच्या बाजूने

'खेळ' हा शब्द उच्चारला की वडीलधाऱ्यांच्या कपाळावर दोन आठ्या पडतात. त्याच्यामागे 'व्हिडिओ' हे विशेषण लावले की दोनाच्या चार होतात. अशा विषयावर कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकाची चार पाने अडवावीत, हे काही प्राध्यापकांना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. कवितेवर लिही, नाटकावर लिही, अगदीच काही सुचत नसेल तर वसतिगृहातल्या आमटीवर लिही, असा सल्लाही मला मिळाला. पण मला जे म्हणायचे आहे ते कवितेच्या आणि नाटकाच्या फार जवळचे आहे. एखादा नवा माणूस आपले पहिले काम घेऊन रसिकांच्या दाराशी उभा राहतो, तेव्हा ते दार कोणी उघडायचे आणि केव्हा उघडायचे, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्या महाविद्यालयात मोबाइलवर एकही खेळ नसलेला विद्यार्थी दिवा घेऊन शोधावा लागेल. मुलींच्या वसतिगृहात रात्री साडेदहाला दिवे मालवले की पांघरुणांखाली निळा उजेड दिसू लागतो आणि मधूनच 'अगं, मागून आला, मागून!' अशी दबकी किंकाळी ऐकू येते. रेक्टरबाईंनाही आता तिची सवय झाली आहे. मात्र हा खेळ केला कोणी, असे विचारा. उत्तर येत नाही. 'नटसम्राट' कोणाचे, 'ययाति' कोणाची, हे आपण झोपेतही सांगू. चित्रपटाचा दिग्दर्शक ठाऊक असतो, गाण्याचा संगीतकार ठाऊक असतो. खेळ मात्र साबणाच्या वडीसारखा कारखान्यातून आपोआप पडतो, अशीच आपली समजूत दिसते.

ही समजूत आजची नाही. अमेरिकेतल्या अटारी या कंपनीचे खेळ १९७० च्या दशकात घराघरांत पोचले, पण ते करणाऱ्यांची नावे कंपनी कुठेच छापत नसे. वॉरन रॉबिनेट नावाच्या प्रोग्रामरला हे फार लागले. १९८० साली बाजारात आलेल्या 'ॲडव्हेंचर' या आपल्या खेळात त्याने एक गुप्त खोली ठेवली आणि त्या खोलीत स्वतःचे नाव लिहून ठेवले. कंपनीला पत्ता नव्हता. एका शाळकरी मुलाने ती खोली शोधून काढली आणि पत्र लिहून कळवले, तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता. त्याच सुमारास, १९७९ मध्ये, अटारीचेच चार प्रोग्रामर बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली. तिच्या खेळांबरोबर ते करणाऱ्याचे नाव छापून येऊ लागले. आपल्याकडे शिल्पी नाव न कोरता निघून गेले, याचे आपण कौतुक करतो. पण ज्याला नाव मिळत नाही त्याला मोबदलाही मिळत नाही, हे त्या कौतुकात विसरले जाते.

नव्या खेळनिर्मात्याची गोष्ट सांगायची तर एरिक बरोनचे उदाहरण सगळे देतात, मीही देते. हा अमेरिकेतला तरुण २०११ साली संगणकशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडला. नोकरी मिळेना. हात बसावा म्हणून त्याने शेतीवरचा एक लहानसा खेळ करायला घेतला. लहानपणी खेळलेला 'हार्वेस्ट मून' हा जपानी खेळ त्याच्या मनात होता. चित्रे त्याचीच, संगीत त्याचेच, संवाद त्याचेच, प्रोग्रामही त्याचाच. मध्यंतरी तो एका नाट्यगृहात प्रेक्षकांना त्यांच्या खुर्च्या दाखवण्याचे काम करी आणि घरखर्चाचा मोठा भार त्याची मैत्रीण उचली. अशी साडेचार वर्षे गेली. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी 'स्टारड्यू व्हॅली' आला आणि दोन महिन्यांत त्याच्या १० लाखांहून अधिक प्रती खपल्या. २०२४ च्या अखेरीस हा आकडा ४ कोटींच्या पुढे गेला होता.

ही गोष्ट ऐकली की आपण 'व्वा!' म्हणतो आणि निर्धास्त होतो. गुण असले की यश येतेच, मग आपण मधे काय करायचे? मला या गोष्टीत जी गोष्ट महत्त्वाची वाटते ती वेगळी आहे. साडेचार वर्षे एका माणसाने दुसऱ्याच्या कामावर भरवसा ठेवला, म्हणून तो खेळ पुरा झाला. ती मैत्रीण नसती तर? ज्यांच्यामागे असे कोणी नव्हते त्यांचे खेळ आपल्यापर्यंत आलेच नाहीत, म्हणून त्यांच्या गोष्टी सांगायलाही कोणी उरले नाही.

हा विषय माझ्या घरात शिरला तो माझ्या मावसभावामुळे. आम्ही सगळी भावंडे त्याला दादा म्हणतो. तो मूळचा सांगलीचा. पुण्यात एका कचेरीत तो पाच वर्षे परदेशी कंपन्यांच्या खेळांसाठी चित्रे करून देई. चित्रे म्हणजे काय, तर दगड, झाडे, पडक्या भिंती आणि पिंपे. 'जगातली निम्मी पिंपं मीच काढली असतील,' असे तो म्हणे. त्या खेळांच्या शेवटी नामावली सरकत जाते. तीत त्याचे नाव कधी येई, कधी येत नसे.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. मावशीचे घर तळमजल्यावर, वर पत्र्याचा माळा. पाणी उंबऱ्याला लागल्यापासून ते छातीपर्यंत येईपर्यंत जेवढा वेळ मिळाला तेवढ्यात जे माळ्यावर गेले ते वाचले. दादा रजेवर घरी आला होता. ज्वारीचे पोते, शाळेचे दाखले ठेवलेली पत्र्याची पेटी, आजोबांची गाथा, गॅसची टाकी, मावशीचे शिवणयंत्र. काय आधी न्यायचे? यंत्र खालीच राहिले. त्याच यंत्रावर मावशीने पंधरा वर्षे ब्लाउज शिवून दोन मुलांची शिक्षणे केली होती.

दोन-तीन वर्षांनी दादाने नोकरी सोडली आणि हाच खेळ करायला घेतला. एक घर, एक जिना, एक माळा आणि चढणारे पाणी. शत्रू नाही, बंदूक नाही, गुण नाहीत. प्रत्येक वस्तूला वजन आहे आणि प्रत्येक वस्तूला एक आठवण आहे. वस्तू उचलली की ती आठवण दोन ओळींत दिसते; पण ती वाचत उभे राहिले तर पाणी एक पायरी वर येते. त्या दोन-दोन ओळी लिहिण्याचे काम दादाने माझ्याकडे दिले. 'तू मराठी घेतलंयस ना? मग लिही,' एवढीच त्याची मुलाखत. मी आजवर शंभरेक वस्तूंच्या ओळी लिहिल्या आहेत. पाट, वरवंटा, लग्नातल्या फोटोंचा अल्बम, बंद पडलेले घड्याळ. अशा ओळी लिहिताना एक शब्द जास्त झाला तर खेळणाऱ्याचे पाय भिजतात, हे लक्षात ठेवावे लागते. काटकसरीने लिहायला मला इतके कोणत्याच वहीने शिकवले नाही.

आता नव्या निर्मात्याची अडचण काय असते ते सांगते. दादाने एका परदेशी प्रकाशन संस्थेला खेळाचा नमुना पाठवला. उत्तर सौजन्याचे आले. कल्पना फार आवडली. फक्त घराच्या जागी जहाज करता येईल का, आणि वस्तूंमध्ये थोडा खजिना? दाखल्यांची पेटी आधी का न्यायची हे आमच्या खेळाडूंना कळणार नाही, असेही त्यांनी लिहिले होते. त्यांना मी दोष देत नाही. त्यांचा धंदा त्यांना कळतो. पण दाखल्यांची पेटी आधी का न्यायची हे ज्यांना कळते ते आपण. त्या खेळाला आपण दार उघडले नाही, तर त्याने कोणाच्या दारात जावे?

दुसरी अडचण गर्दीची. संगणकावरच्या खेळांचे सर्वांत मोठे दुकान म्हणजे स्टीम. १०० डॉलर भरले की कोणीही तिथे आपला खेळ मांडू शकतो. ही मोठीच सोय. पण २०२४ या एका वर्षात तिथे १८ हजारांहून अधिक खेळ आले. म्हणजे रोजचे पन्नास! दिवाळी अंकांच्या ढिगात एखादे पातळ नवे मासिक जसे खाली दबून जाते, तसा नवा खेळ दुसऱ्याच दिवशी खाली जातो. विक्रीतले साधारण ३० टक्के दुकान ठेवून घेते. आणि एक बारीकशी गोष्ट आहे, जी बहुतेक खेळाडूंना ठाऊक नसते. खेळणाऱ्यांचे निदान १० अभिप्राय येईपर्यंत खेळाच्या नावापुढे लोकांचे एकूण मत असे दिसतच नाही. दहा अभिप्राय! मोठ्या कंपनीच्या खेळाला ते पहिल्या पाच मिनिटांत मिळतात. नव्या माणसाला ते मिळवायला कधी कधी महिने लागतात, आणि तोवर येणारा-जाणारा त्या कोऱ्या जागेकडे पाहून पुढे जातो.

म्हणून मी म्हणते की लाखावा खेळाडू आणि दहावा खेळाडू यांच्या मताचे वजन सारखे नसते. प्रसिद्ध खेळाला आपण दिलेले पैसे समुद्रात ओतलेल्या तांब्यासारखे. नव्या खेळाला दिलेले तेवढेच पैसे कुंडीतल्या रोपाला घातल्यासारखे.

कोणी म्हणेल, बाजारात भरपूर खेळ आहेत, आणखी एक आला नाही तर काय बिघडले? याचे उत्तर खेळांची नावे घेऊनच द्यावे लागेल. मोठा खेळ करायला शेकडो माणसे आणि अनेक वर्षे लागतात. इतका पैसा अडकल्यावर कोणीही शहाणा माणूस आधी खपलेलीच वाट धरणार. त्यामुळे तेच युद्ध, तीच मोटारींची शर्यत, तोच फुटबॉल, आणि त्यांचे चौथे, पाचवे, दहावे भाग. वेगळे काही करण्याची मुभा ज्याच्याजवळ गमावण्यासारखे थोडे आहे त्यालाच असते.

लुकास पोप या एकट्या माणसाने २०१३ मध्ये 'पेपर्स, प्लीज' हा खेळ आणला. यात आपण एका कल्पित हुकूमशाही देशाच्या सीमेवरचे कारकून असतो. समोर येणाऱ्याची कागदपत्रे तपासायची आणि शिक्का मारायचा, एवढाच खेळ. पगार तपासलेल्या माणसांच्या संख्येवर. संध्याकाळी त्या पगारातून घरचे जेवण, शेगडीचे इंधन आणि आजाऱ्याचे औषध भागवायचे. समोर एक बाई रडत असते, तिचा कागद अपुरा असतो आणि घरी आपला मुलगा तापाने फणफणलेला असतो. राज्यशास्त्राच्या तासाला नोकरशाहीवर जे ऐकले ते मला या खेळात अंगावर आले. पुस्तकातला कारकून दया दाखवत नाही म्हणून आपण त्याच्यावर रागावतो. इथे शिक्का आपल्याच हातात असतो.

दुसरे उदाहरण 'वेन्बा'चे. कॅनडातल्या टोरोंटो शहरातल्या विसाई गेम्स या लहानशा मंडळीने तो २०२३ मध्ये आणला. १९८० च्या दशकात तमिळनाडूतून तिकडे गेलेले एक जोडपे आणि त्यांचा तिकडेच जन्मलेला मुलगा, एवढीच पात्रे. वेन्बाजवळ तिच्या आईची पाककृतींची वही आहे; पाने फाटलेली, शाई ओघळलेली. अर्धवट ओळींवरून अंदाज बांधत आपण तिच्याबरोबर इडली करायची, पुट्टू करायचा. ताटल्या कशा रचायच्या, काय आधी घालायचे, चुकले तर पुन्हा. मुलगा मोठा होतो तसा तमिळपासून लांब जातो आणि आई स्वयंपाकघरात एकटी उरते. दीड-दोन तासांत खेळ संपतो. तो संपल्यावर मी आईला फोन करून भरल्या वांग्याचे प्रमाण विचारले. ती घाबरली, म्हणाली, 'बरी आहेस ना?' या खेळाला २०२४ मध्ये ब्रिटनचा पदार्पणातल्या खेळासाठीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. इडलीपात्रावर खेळ करू या, असे कोणत्याही मोठ्या कंपनीच्या सभेत कोणी म्हटले असते तर त्याला चहा देऊन बाहेर बसवले असते.

तिसरे उदाहरण आपल्या पुण्याचे. नोडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी 'राजी' नावाचा खेळ केला. असुरांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेली राजी ही मुलगी त्याची नायिका. गढ्या आणि हवेल्या राजस्थानी वळणाच्या, चित्रांना पहाडी शैलीचा रंग, कथेचे निवेदन दुर्गा आणि विष्णू यांच्या तोंडून. २०१७ साली त्यांनी किकस्टार्टर या व्यासपीठावर लोकांकडे आगाऊ मदत मागितली. ठरवलेली रक्कम जमली नाही. तरीही त्यांनी काम सोडले नाही. खेळ २०२० च्या ऑगस्टमध्ये आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातल्या स्वतंत्र खेळांच्या नामांकनात त्याचे नाव झळकले. मग आपण सर्वांनी अभिमानाने बातमी एकमेकांना पाठवली. अभिमान बाळगायला पैसे पडत नाहीत. पण २०१७ साली, जेव्हा हात पुढे करण्याची वेळ होती, तेव्हा आपल्यापैकी किती जण तिथे होते, हा प्रश्न मला त्या बातमीबरोबर सतावत राहिला.

काम पुरे होण्याआधी त्याच्यामागे उभे राहणे ही कल्पना पाश्चात्त्यांची आहे, असे मात्र कोणी समजू नये. दादासाहेब फाळक्यांना चित्रपट काढायचा होता, पण धनिकांचा विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी कुंडीत दाणा पेरून, त्याला अंकुर फुटून रोप वाढतानाची छायाचित्रे रोज टिपून 'अंकुराची वाढ' हा छोटासा चित्रपट केला आणि तो दाखवून भांडवल उभे केले. सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले. मग १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. आजचा नवा निर्माता जो डेमो दाखवतो तो या अंकुराहून काय वेगळा असतो? १९७६ च्या 'मंथन' चित्रपटासाठी गुजरातमधल्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. आपल्या मराठीत १९७० च्या दशकात 'ग्रंथाली' ही वाचकांची चळवळ उभी राहिली आणि तिच्यातून १९७८ मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आणि १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचे 'उपरा' बाहेर पडले. त्या पुस्तकांनी मराठी वाचकाला त्याच्या दाराबाहेरचे जग दाखवले. आज ती अभ्यासक्रमात असतात आणि आपण त्यांच्यावर दहा गुणांची टीप लिहितो. पण ती नवी होती तेव्हा नवख्या लेखकाचे पुस्तक हातात घेणारा वाचक भेटला, म्हणून पुढचा इतिहास घडला.

माझ्या मैत्रिणींचे या विषयावर माझ्याशी भांडण झाले आहे, आणि त्यांचे मुद्दे मी टाळणार नाही. पहिला मुद्दा: 'आम्ही विद्यार्थी. मेसचे पैसे भरताना नाकी नऊ येतात. कलावंतांना आश्रय द्यायला आम्ही काय संस्थानिक आहोत?' खरे आहे. पण आमच्याच मजल्यावर फुकटच्या खेळातल्या बंदुकीला नवा रंग चढवायला आणि पात्राला नवा अंगरखा घ्यायला पैसे जातात, तेव्हा मात्र नाकी नऊ येत नाहीत. तेवढ्यात एखादा लहान खेळ येतो. ज्यांच्याजवळ तेही नाहीत त्यांच्यासाठी इच सारखी ठिकाणे आहेत, जिथे पुष्कळ निर्माते खेळ फुकट ठेवतात किंवा 'जमेल ते द्या' म्हणतात. तिथे पैसे नसतील तर अभिप्राय द्यावा.

दुसरा मुद्दा: 'नवे आहे म्हणून वाईटही गोड मानून घ्यायचे का?' मुळीच नाही. दयेने दिलेली टाळी नाटकवाल्याला कळते आणि ती त्याला शिट्टीपेक्षा जास्त लागते. नव्या माणसाला खरे मत हवे असते. मात्र 'बकवास' हा एक शब्द लिहून टाकणे हे मत झाले नाही. कुठे अडले, कुठे कंटाळा आला, कोणते बटण सापडले नाही, हे चार ओळींत लिहिले तर ते त्याला औषधासारखे उपयोगी पडते.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार: 'अर्धवट खेळाचे पैसे घेऊन पळून जाणारे असतात त्यांचे काय?' असतात. कित्येक खेळ पैसे घेऊन अर्धवट सोडले गेले आहेत. पण २००९ साली स्वीडनच्या मार्कुस पर्सोनने 'माइनक्राफ्ट' विकायला काढला तेव्हा तोही अर्धवटच होता. लोकांनी तो अर्धवट असताना घेतला, त्या पैशांवर तो वाढला, आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. तेव्हा डोळे मिटून पैसे देऊ नयेत. निर्मात्याने आधी काय केले आहे ते पाहावे, डेमो खेळून पाहावा, आणि बुडाले तरी चालतील एवढेच द्यावेत. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांहून कमी खेळला असेल तर खेळ परत करून पैसे मिळतात. खेळ चालेना, फसवणूक वाटली, तर हा हक्क खुशाल वापरावा. परंतु दीड तासाचा खेळ शेवटपर्यंत खेळून, डोळे पुसून, मग तो परत करणारेही आहेत. हॉटेलात ताट चाटूनपुसून जेवल्यावर 'आवडले नाही' म्हणून उठण्यासारखे ते आहे.

पहिल्या खेळाडूंच्या हातून काय होऊ शकते ते मी आमच्या खोलीत पाहिले. दादाचा नमुना मी माझ्या लॅपटॉपवर वसतिगृहातल्या अकरा मुलींना खेळायला दिला. अकरा जणींनी माळ्यावर अकरा तऱ्हेचा संसार नेला. एकीने आधी मांजर नेले, एकीने देव, एकीने फक्त दागिन्यांचा डबा आणि मोबाइलचा चार्जर. आमच्यात शिरोळ भागातली एक मुलगी आहे. २०१९ चा पूर तिने स्वतः सोसलेला. तिने अर्धा खेळ खेळला आणि काही न बोलता लॅपटॉप मिटला. मला वाटले, संपले. दुसऱ्या दिवशी तिने वहीचे अर्धे पान माझ्या हातात ठेवले. त्यात लिहिले होते: पाणी येण्याआधी वास येतो. गटारांचा आणि ओल्या मातीचा. कुत्री आधी गप्प होतात. तुमच्या खेळात एकदम पाणीच येते.

मी ते पान दादाला वाचून दाखवले. फोनवर तो बराच वेळ गप्प होता. त्याने खेळाची सुरुवात बदलली. आता आधी कुत्र्यांचे भुंकणे थांबते. मग मी लिहिलेली वासाची एक ओळ येते. मग उंबरा ओला होतो. ज्यांनी दोन्ही नमुने पाहिले ते म्हणतात, आता घसा कोरडा पडतो. त्या मुलीने एक रुपयाही दिला नव्हता.

मावशीचीही गोष्ट सांगायला हवी. 'किती दिवस चालणार हे? चांगली नोकरी होती,' हे तिचे पालुपद दर रविवारी असे. दिवाळीत दादाने तिच्यासमोर खेळ ठेवला. तिला उंदीर धरता येईना, म्हणून ती सांगेल ते मी करत होते. तिने पोते नाही, पेटी नाही, थेट शिवणयंत्रापाशी न्यायला लावले. 'उचल.' यंत्र उचलेना. एकट्याने उचलणार नाही इतके त्याचे वजन दादाने ठेवले होते. मावशी म्हणाली, 'शेजारच्यांना हाक मार की!' खेळात हाक मारायची सोय नव्हती. आता आहे. हाक मारली तर दोन पायऱ्या पाणी चढते, पण यंत्र वर जाते. मावशी अजूनही दर रविवारी नोकरीचे विचारते. मात्र हल्ली त्याच्याआधी 'ते हाकेचं केलंस का?' असेही विचारते.

दादाची शिल्लक आटत आली आहे. खेळ पुरा होईल की तो पुन्हा पिंपे काढायला जाईल, हे मला आज सांगता येणार नाही. डेमो मांडला आहे, अभिप्राय एकेक करून येत आहेत. त्याचा खेळ घ्या असे म्हणण्यासाठी मी हा लेख लिहिलेला नाही, म्हणून त्याचे नावही इथे देत नाही. असे दादा आणि अशा ताया पुण्यात, हैदराबादेत, कोलकात्यात, कदाचित आपल्याच महाविद्यालयाच्या संगणक विभागात बसलेल्या असतील. मी सांगते ते त्या सगळ्यांसाठी.

आणि मागणे तरी किती लहान आहे! महिन्यातून एकदा, ज्याचे नाव कधी ऐकले नाही अशा माणसाचा खेळ उघडून पाहा. डेमो असेल तर डेमो. आवडला तर 'पुढे घ्यायचा' या यादीत त्याची नोंद करा. खेळ बाजारात आला की दुकान आपणहून कळवते. घेता आला तर घ्या. खेळून झाल्यावर चार ओळींचा खरा अभिप्राय लिहा, जमले तर मराठीत. मैत्रिणीला दाखवा. शेवटी नामावली सरकू लागली की बटण दाबून ती पळवू नका. दोन मिनिटे लागतात, नावे वाचा.

प्राध्यापक मंडळींनाही एक विनंती आहे. वाङ्मयमंडळात आपण एकांकिकेवर, कथेवर, लघुपटावर चर्चा घडवून आणता. एखाद्या शनिवारी 'पेपर्स, प्लीज' किंवा 'वेन्बा' पडद्यावर लावून चर्चा का होऊ नये? राज्यशास्त्र, समाजशास्त्र आणि मराठी या तिन्ही विभागांना बोलण्यासारखे त्यांत भरपूर आहे. रसिकता ही ठरावीक कलांपुरतीच राखून ठेवायची वस्तू नव्हे.

या वार्षिकात दर वर्षी कोणाची तरी पहिली कविता छापून येते. ती थोर असतेच असे नाही. कधी मात्रा चुकलेल्या असतात, कधी चंद्र जरा जास्त वेळा उगवलेला असतो. तरीही आपण ती वाचतो, कँटीनमध्ये त्या कवीची थट्टा करतो आणि शेवटची ओळ बरी होती असे हळूच सांगतो. त्या हळूच सांगण्यावर पुढची कविता लिहिली जाते. खेळ मांडणाऱ्याला आपल्याकडून तेवढेच हवे आहे. मात्र ते तो खेळ मोडून उठून जायच्या आत मिळायला हवे.

(तृतीय वर्ष कला)